बरगे कोणाच्या पैशाने बसवायचे?

कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला धरणासारखे दरवाजे नसतात. नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी अथवा काँक्रीटचे खांब उभे केलेले असतात, दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात, आणि त्या गाळ्यात खांबांच्या खाचांमधून एकावर एक फळ्या सरकवून पाणी अडवले जाते. या फळ्यांना आमच्याकडे बरगे म्हणतात. मराठवाड्यात गेलात तर सरळ ‘गेट’ हा शब्द ऐकू येतो आणि अभियंते ‘निडल’ म्हणतात. पूर्वी बरगे लाकडी असत, दोन रांगांत बसवून मधे माती ठासत. आता बहुतेक ठिकाणी ते लोखंडी असतात आणि फटींना रबर लावलेले असते. पावसाळा सरत आला की साधारण ऑक्टोबरच्या मध्याला बरगे घालायचे आणि मृगाच्या आत ते काढून काठावर रचून ठेवायचे, असे हे वर्षातून दोनदा करायचे काम आहे. घालायला उशीर झाला तर परतीच्या पावसाचे पाणी निघून जाते आणि रब्बीला बंधारा कोरडा राहतो. काढायला उशीर झाला तर पहिल्याच मोठ्या पाण्यात वाहून आलेली झाडे, उसाचा पाला आणि चिखल गाळ्यांत अडकतो, पाणी दोन्ही अंगांच्या शेतांत शिरते आणि कधी कडेचा मातीचा भराव फोडून ओढा बंधाऱ्याला वळसा घालूनच निघून जातो. पूरनियंत्रण आणि जलसंधारण हे मंत्रालयात दोन वेगळे विषय असतील. बंधाऱ्यावर मात्र ते एकाच फळीचे दोन हंगाम आहेत.

मी अभियंता नव्हे. एका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे बंधारा मी आधी फाइलमध्ये पाहिला आणि मग नदीत. या लेखाचे कारणही एक फाइलच आहे. निवृत्तीच्या काही वर्षे आधी एका लहान गावच्या सरपंचांचे पत्र आमच्याकडे आले. त्यांच्या ओढ्यावरच्या बंधाऱ्याचे निम्म्याहून अधिक बरगे वाकलेले होते, काही भंगारवाल्याच्या दिशेने परस्पर रवाना झालेले होते, आणि नवे बरगे घेऊन बसवण्यासाठी चार लाखांच्या आतले अंदाजपत्रक शाखा अभियंत्याने काढून दिले होते. सरपंचांनी लिहिले होते की, ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाची रक्कम शिल्लक आहे, तीतून हा खर्च करण्यास मान्यता मिळावी. पत्र साधे, मागणी वाजवी. त्या फाइलवर त्रुटी मीच काढल्या.

पहिली त्रुटी अशी होती की, बंधारा ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत नव्हता. तो ज्या यंत्रणेने बांधला तिने हस्तांतराचे पत्र कधी दिलेच नव्हते, आणि जी मालमत्ता आपली नाही तिच्यावर ग्रामपंचायतीने खर्च केला तर लेखापरीक्षणात वसुली निघते. दुसरी त्रुटी अशी की, शिल्लक असलेली रक्कम बंधित अनुदानाची, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करता येणारी होती, आणि बंधित अनुदानातला पाण्याचा वाटा पिण्याच्या पाण्यासाठी, पावसाचे पाणी साठवण्यासाठी आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी होता. बंधाऱ्याचा उपयोग कागदोपत्री सिंचन असा होता. तिसरी त्रुटी ही की, काम गावविकास आराखड्यात घेतलेले नव्हते. तिन्ही त्रुटी नियमाला धरून होत्या आणि आजही मला त्यांतली एकही चुकीची वाटत नाही. फाइल परत गेली, ती पुन्हा आली तेव्हा डिसेंबर उजाडला होता, आणि ओढा तोपर्यंत आटला होता.

त्या फाइलने मला एका गोष्टीकडे पाहायला लावले. पाणी अडवण्यासाठी आणि पुराला वाट करून देण्यासाठी राज्यात पैसा कमी आहे असे नाही. पैसा बांधकामाला मिळतो, आणि बांधलेली वस्तू सांभाळण्यासाठी ती ज्यांच्या हाती दिली जाते, त्या ग्रामपंचायतीकडे, जिल्हा परिषदेकडे किंवा नगरपालिकेकडे तिच्यासोबत एक रुपयाही प्रवास करत नाही. वस्तू खाली येते, तिचे पोटपाणी वरच राहते.

हे असे का झाले याचे मूळ थोडे मागे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली १७ वी नोंद पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, जलनिस्सारण, बांध आणि पाणीसाठा हे सारे राज्याकडे सोपवते. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आली आणि तिने अकरावी अनुसूची जोडली. तीत पंचायतींकडे देता येतील असे २९ विषय आहेत आणि तिसराच विषय लघुसिंचन, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हा आहे. पूर हा शब्द मात्र त्या यादीत नाही, आणि नगरपालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीतही नाही. म्हणजे पाणी अडवणे हा गावाचा विषय होऊ शकतो, पाणी अंगावर येणे हा मात्र राज्याचा. प्रत्यक्षात पाणी अंगावर आल्यावर पहिला फोन सरपंचाला किंवा नगरसेवकाला जातो, हा भाग घटनेत लिहिलेला नाही.

महाराष्ट्रात या वाटणीला हेक्टरांचे मोजमाप लावले आहे. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेली कामे जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे सहाशे हेक्टरांपर्यंतची राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. जे नदीच्या एकाच खोऱ्यात एकाखाली एक बांधलेले आहे ते तीन कार्यालयांत विभागले जाते. लेखाशीर्षांचे, म्हणजे ज्या क्रमांकांखाली सरकारी खर्च नोंदवला जातो त्यांचेही तसेच. मृद व जलसंधारणाला २४०२, लघुपाटबंधाऱ्याला २७०२, पूरनियंत्रण व जलनिस्सारणाला २७११, आणि नैसर्गिक आपत्तीतल्या मदतीला २२४५. ज्यांनी कोषागारात देयके नेली आहेत त्यांना हे आकडे पाठ असतात. आमच्या विभागात एक गमतीची म्हण होती की, ओढ्याला पूर आला की २४०२ चा बांध वाहून जातो, तो २७११ मध्ये दुरुस्त होत नाही, आणि २२४५ मधून फक्त त्याच्या खालच्या शेताची नुकसानभरपाई निघते. गंमत म्हणून सांगितली जात असली तरी तीत खोटे फारसे काही नव्हते.

आता स्थानिक संस्थांच्या हातात खरोखर काय येते ते पाहू. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशभरातल्या पंचायतींना दोन लाख कोटी रुपयांच्या आसपास अनुदान सुचवले आणि ते थेट ग्रामपंचायतींनाच दिले. जिल्हा परिषद व पंचायत समिती त्यातून वगळली गेली. आमच्या इमारतीत तेव्हा किती नाराजी होती ते मी पाहिले आहे, पण गावांच्या दृष्टीने तो काळ बरा होता, कारण पैसा कमी अटींचा होता. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले, तिन्ही स्तरांना वाटा दिला आणि त्यातला ६० टक्के भाग बंधित केला : अर्धा स्वच्छतेसाठी, अर्धा पाण्यासाठी. महाराष्ट्रात वाटपाचे प्रमाण ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के असे ठरले. उरलेला ४० टक्के अबंधित भाग गावाच्या गरजेनुसार, पगार व आस्थापना सोडून, कशावरही खर्च करता येत असे.

बंधित अनुदानाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. ते बंधित नसते तर पाण्याच्या वाट्याचे पेव्हर ब्लॉक झाले असते, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण अबंधित रकमेचे ते होताना मी पाहिले आहे. अडचण अशी की, पाण्याची व्याख्या नळापाशी येऊन थांबली. गावच्या नळयोजनेची विहीर ज्या बंधाऱ्याच्या साठ्यावर जगते त्या बंधाऱ्याला बरगे बसवणे हे पिण्याच्या पाण्याचेच काम आहे, असे मांडता येते. ‘स्रोत बळकटीकरण’ हा शब्द अंदाजपत्रकाच्या शीर्षकात घातला तर तपासणाऱ्याचा हात थोडा सैल होतो. ही युक्ती मला माहीत होती. त्या सरपंचांना मी ती सांगितली नाही, कारण त्रुटी काढणाऱ्याने उत्तर सुचवायचे नसते अशी आमची शिस्त होती. या शिस्तीचा मला आता फारसा अभिमान वाटत नाही.

ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार असेल तर बाजाराची फी. त्यातून मागासवर्गीय, महिला व बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी ठरावीक टक्के बाजूला काढायचे, शिपायाचा आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार करायचा, नळयोजनेच्या मोटारीचे वीजबिल भरायचे. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात यानंतर जे उरते त्यात बरगे घालण्याची मजुरी निघाली तरी पुष्कळ. जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ज्याला सगळे सेस फंड म्हणतात, तोही प्रामुख्याने जमीन महसुलावरच्या उपकरावर आणि राज्याकडून मिळणाऱ्या वाट्यावर उभा आहे. त्यातून बंधाऱ्यांच्या देखभालीसाठी तरतूद होते, पण ती जिल्ह्यातल्या शेकडो बंधाऱ्यांत वाटली की एकेका बंधाऱ्याच्या वाट्याला रबराच्या पट्ट्यांचेही पैसे येत नाहीत.

जलयुक्त शिवार अभियानाच्या निमित्ताने ही उणीव राज्याच्या पातळीवर कागदावर आली. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचे अर्थकारण मला त्या काळी फार आवडले होते, हे कबूल केले पाहिजे. राज्याचा निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी, रोजगार हमी, पाणलोट कार्यक्रम, कंपन्यांचे सामाजिक दायित्व आणि लोकवर्गणी अशा अनेक झऱ्यांचे पाणी एका चरात आणायचे, ही कल्पना उत्तम होती, आणि गावोगाव नाला खोलीकरणाची यंत्रे रात्रभर चालत असताना लोकांच्या चेहऱ्यांवर जी उमेद होती ती खोटी नव्हती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात या अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाल्याचे नोंदवले आणि भूजलपातळी वाढवण्यात व गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात त्याचा परिणाम अल्प राहिल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर राजकीय चिखलफेक व्हायची ती झाली. त्या गोंधळात अहवालातल्या एका साध्या निरीक्षणाकडे कोणी लक्ष दिले नाही : कामांच्या देखभालीसाठी ग्रामपंचायतींनी उपकर बसवणे अपेक्षित होते, आणि तपासलेल्या १२० गावांपैकी एकाही ग्रामपंचायतीने तो बसवला नव्हता.

एकशेवीसपैकी एकही नाही. नमुना तपासणीत असा निखळ शून्य लेखापरीक्षकाला सहसा सापडत नाही. कुठेतरी एखादा शिस्तीचा ग्रामसेवक निघतोच. सगळीकडे शून्य असेल तर दोष त्या एकशेवीस सरपंचांचा नाही, योजनेच्या रचनेचा आहे. ज्या ओढ्याचे खोलीकरण शासनाने फुकट करून दिले त्याच्या नावाने पुढच्या वर्षी गावकऱ्यांकडे कर मागायला जाणारा सरपंच निवडून येत नाही, हे शासननिर्णय लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही ते वाक्य लिहिले जाते, कारण त्या वाक्याशिवाय देखभालीचा रकाना मोकळा दिसला असता.

या बाबतीत ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मला अधिक शहाणी वाटते. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ पासून ती नव्याने, कायमस्वरूपी राबवली जाऊ लागली. तलावातला गाळ काढणे म्हणजे देखभालच. पण इथे गाळाला गिऱ्हाईक आहे. यंत्रे चालवणाऱ्या संस्थेला घनमीटरमागे ठरलेला दर मिळतो, अल्पभूधारक आणि विधवा, दिव्यांग किंवा आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्याला तो शेतात पसरण्यासाठी अनुदान मिळते, आणि बाकीचे शेतकरी ट्रॅक्टरचा खर्च स्वतः सोसूनही गाळ नेतात. तलावाची साठवण वाढते आणि पावसाळ्यात तेवढेच जास्त पाणी वर थांबते. गाळ विकला जातो, बरगे विकले जात नाहीत. म्हणजे विकले जातात, पण रात्री.

आता पुराकडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५६ फूट ओलांडले. तिथे धोक्याची पातळी ४३ फूट. पहिल्या पुरानंतर राज्याने केंद्राकडे एकूण ६,८१३ कोटी रुपयांची मागणी केली. दुसऱ्या पुरानंतर राज्य मंत्रिमंडळाने ११,५०० कोटी रुपयांना मान्यता दिली : तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी आणि आपत्ती सौम्य करण्याच्या दीर्घ मुदतीच्या कामांना ७,००० कोटी. आकड्यांची ही उतरंड मला महत्त्वाची वाटते, कारण मदतीपेक्षा प्रतिबंधाला मोठा आकडा सरकारी कागदावर क्वचित दिसतो. पंधराव्या वित्त आयोगानेही राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग करून ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी वेगळे ठेवायला सांगितले होते. दिशा बरोबर आहे.

पण हा सारा पैसा राज्याच्या यंत्रणांमधून वाहतो, आणि पूर आलेल्या रात्री जो खर्च होतो तो ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या खिशातून. होड्या, पाणी उपसायचे पंप, निवारा केंद्रातले जेवण, पाणी ओसरल्यावर घराघरांतून निघणारा चिखल, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, विहिरींत टाकायची ब्लीचिंग पावडर. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूरच्या स्वच्छतेसाठी इतर महापालिकांची पथके यंत्रांसह आली होती, ही महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांच्या इतिहासातली मला सर्वांत देखणी गोष्ट वाटते. तिचा उल्लेख सहसा होत नाही. प्रतिपूर्तीचे प्रस्ताव नंतर जातात, त्यातले निकषांत बसते तेवढे मिळते, आणि उरलेला खड्डा पुढच्या वर्षीच्या नालेसफाईच्या तरतुदीतून भरला जातो. एका पुराचा खर्च पुढच्या पुराला निमंत्रण देतो तो असा.

शहरांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे आणि ती सोडवायला कोणी तयार नाही. आपल्याकडे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको आणि दोन रेषांच्या मधे अटींवर, असा दंडक आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही नदीपात्रातली आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणे हे पुराच्या तीव्रतेचे एक कारण म्हणून नोंदवले. रेषा सांभाळायची नगरपालिकेने किंवा महापालिकेने. मात्र जकात गेली, मग स्थानिक संस्था कर गेला, २०१७ पासून वस्तू व सेवा कराची भरपाई राज्याकडून येते आणि तिचा मोठा भाग पगारात जातो. अशा संस्थेच्या हातात स्वतः वाढवता येईल असे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे विकास शुल्क. म्हणजे ज्या जमिनीवर बांधकाम नाकारायचे त्याच जमिनीवर तिची भविष्यातली नालेसफाई अवलंबून. रेषा नकाशावर ठळक राहते आणि जागेवर पुसट होत जाते, यात मला तरी नवल वाटत नाही. नुकसान सोसून रेषा सांभाळणाऱ्या संस्थेला राज्याने त्या बुडालेल्या उत्पन्नापोटी काही द्यावे, हा विचार मी अजून कोणत्याही अर्थसंकल्पात पाहिलेला नाही.

मुंबईचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे, म्हणूनच बोलके आहे. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेकडे पर्जन्यजलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड आराखडा १९९३ पासून पडून होता. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी व्यवस्था ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचा तो बेत. त्या वेळचा अंदाज ६१६ कोटींचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कुठे तो बाहेर निघाला, २००७ मध्ये केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले, आणि त्यानंतर खर्च कितीतरी वाढत गेला. तिजोरी भरलेली असूनही तो आराखडा बारा वर्षे कपाटात राहिला. त्यामुळे सगळा दोष पैशाच्या तुटवड्यावर टाकणारा युक्तिवाद मी स्वतःही पूर्णपणे मानत नाही.

पैशापेक्षा त्याच्या येण्याची वेळ अधिक छळते. पाण्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, हिशेबाचे एप्रिलमध्ये. पूर टाळण्याची कामे, म्हणजे ओढे मोकळे करणे, बरगे काढणे, भराव तपासणे, ही एप्रिल-मे महिन्यांत व्हावी लागतात. त्या वेळी जुन्या वर्षाचा निधी ३१ मार्चला संपलेला किंवा परत गेलेला असतो आणि नव्या वर्षाचा पहिला हप्ता खाली पोचलेला नसतो. पाणी अडवण्याची कामे ऑक्टोबरमध्ये व्हावी लागतात. तेव्हा प्रशासकीय मान्यता झालेली असली तर निविदा चालू असते, आणि निवडणुकीचे वर्ष असेल तर आचारसंहिता. निधी सर्वाधिक येतो तो जानेवारी ते मार्च, म्हणजे ज्या तीन महिन्यांत ना पूर असतो ना अडवायला पाणी. त्या तीन महिन्यांत खर्च करायचा तर नवे सिमेंटचे काम काढणे हा सर्वांत सोपा मार्ग. नव्या बंधाऱ्यांची संख्या का वाढते आणि जुन्यांचे बरगे का बसत नाहीत, याचे निम्मे उत्तर दिनदर्शिकेत आहे. त्यात मधली काही वर्षे अशी गेली की, जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर प्रशासक होते, वित्त आयोगाच्या अनुदानाला निवडून आलेली संस्था असण्याची अट होती, आणि निधीची वाट पाहताना कोणाला जाब विचारायचा हेही लोकांना कळत नव्हते.

अशा लेखात हिवरे बाजारचे नाव घेण्याची प्रथा आहे, तर मीही घेतो. तिथले चर आणि झाडी पाहायला राज्यभरातून सहली जातात. हिशेबाच्या माणसाला तिथे पाहण्यासारखे आहे ते गावचे पाण्याचे अंदाजपत्रक. पाऊस किती पडला, त्यातून पिण्याला, जनावरांना आणि जमिनीत मुरायला किती राखायचे, उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, हे गावात ठरते आणि शेतीसाठी विंधनविहिरी न घेण्याचे बंधन पाळले जाते. पैसा तिथेही शासनाच्या योजनांचाच होता. फरक खर्चानंतरच्या कामात आहे.

माझे म्हणणे मोठे नाही. ज्या यंत्रणेने बंधारा, तलाव, पूरसंरक्षक भिंत किंवा नाल्याचे खोलीकरण केले तिने ते खाली सोपवताना मूळ खर्चाचा काही हिस्सा देखभालीची ठेव म्हणून सोबत द्यावा. ती ठेव त्या कामाच्याच नावाने राहावी आणि तिच्या व्याजातून दर एप्रिलला आणि दर ऑक्टोबरला, कोणाच्याही मान्यतेची वाट न पाहता, ग्रामपंचायतीने मजूर लावावेत. हस्तांतराचे पत्र नसेल तर अंतिम देयक निघू नये, हे तर लेखा विभाग आजही करू शकतो. मी असताना केले नाही. आणि बंधाऱ्याखाली ज्यांची शेती भिजते त्यांच्याकडून लहानशी का होईना पट्टी घ्यावी, पण ती पहिल्या वर्षापासून, बंधारा नवा असताना, त्याचे पाणी पाहून लोक खूश असताना. चौथ्या वर्षी बरगे गंजल्यावर मागितलेली पट्टी दंडासारखी वाटते.

ज्या गावाच्या फाइलवर मी त्रुटी काढल्या होत्या, तिथल्या ग्रामसेवकाचा मागच्या ऑक्टोबरमध्ये फोन आला. आता त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, पण आवाज तोच. शासनाकडून काही झाले नाही, म्हणून बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्यांनी एकरी पाचशे रुपये वर्गणी काढली होती, जुने बरगे गावातल्याच लोहाराकडून सरळ करून घेतले होते, आणि दसऱ्यानंतर चार दिवसांत सगळे गाळे बंद केले होते. थोडी रक्कम उरली होती, ती ग्रामपंचायतीत जमा करायची होती.

“साहेब, पावती कोणत्या नमुन्यात फाडू?” त्यांनी विचारले.

नमुना ७ ही सर्वसाधारण पावती. देणगी, वर्गणी, किरकोळ जमा, सगळे तिच्यात बसते. नमुना १० ही कर आणि फी यांची पावती; ती फाडली की पुढच्या वर्षी मागणी आपोआप उभी राहते आणि थकबाकीदारांची यादी लागते. मी त्यांना नमुना ७ सांगितला, कारण ग्रामसभेचा ठराव नसताना दुसरे काही सांगता आले नसते. मग न राहवून विचारले की, ठराव घेऊन पुढच्या वर्षापासून दहा नंबरची पावती करता येणार नाही का?

ते थोडे हसले आणि म्हणाले, “सरपंचांना विचारून सांगतो, पण आधी निवडणूक होऊ द्या.”